धाकटीच्या तोंडची माझी कादंबरी

माझ्या नायिकांना मुलं नसतात. एकीलाही नाही. त्या बँकेत नाहीतर कॉलेजात नोकरी करतात, संध्याकाळी केस मोकळे सोडून गच्चीत उभ्या राहतात आणि चहा गरम असतानाच पितात. बाथरूमच्या दारावर थापा मारून त्यांना कुणी "मम्मी, झालं का?" असं विचारत नाही. मी प्रेमकथा लिहायला लागले तेव्हा मुलगी चारची होत आली होती आणि मुलगा रांगत होता. मला जे मिळत नव्हतं ते सगळं मी या बायांना देऊन टाकायची आणि मग त्यांच्यावरच जळत बसायची. आपणच लिहिलेल्या बाईचा हेवा करणं हा तसा मूर्खपणाच, पण त्याने कुणाचं नुकसान होत नव्हतं. खरी जळजळ पुढे सुरू झाली, आणि ती घरातच होती.

जळगावला आमचं घर कॉलनीत, रस्त्याच्या टोकाला. खाली सासूबाई आणि आम्ही, वर दीर आणि धाकटी जाऊ. दीर नरडाण्याच्या कारखान्यात. तिकडेच खोली घेऊन राहायचे आणि सुट्टीला यायचे, त्यामुळे वरचा मजला धाकटीचा एकटीचाच. तिच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. बाया तिला त्यावरून काय काय विचारायच्या ते मी ऐकलंय, आणि तेव्हा मला तिची कीवही यायची. पण ती दुपारी पंखा लावून पाय पसरून झोपायची ते पाहिलं की कीव कुठल्या कुठे जायची.

मी लिहायची मोबाईलवर. एका हाताने पोळी उलटायची, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने नायकाला नायिकेच्या दारात उभं करायचं. गोष्टींचं एक ॲप होतं, त्यावर भाग टाकायची. कोल्हापूरच्या, नागपूरच्या बाया खाली लिहायच्या, "ताई, पुढचा भाग लवकर टाका." मी कूकर बंद करून पुन्हा पुन्हा ते वाचायची. आमच्या गल्लीत मात्र मी कोण? रात्रंदिवस मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसणारी मोठी सून.

उन्हाळा लागला की आमच्याकडे बिबडे सुरू होतात. ज्वारीचं पीठ मोठ्या पातेल्यात शिजवायचं, त्यात लसूण, मिरची, तीळ, आणि तो गरम गोळा ओल्या फडक्यावर थापून खाटेवर वाळत घालायचा. एकटीचं काम नव्हे. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी, असं सगळ्या गल्लीचं पाळीपाळीने चालतं. धाकटी यात अगदी बिनकामाची. तिचा प्रत्येक बिबडा फडक्यावरून उचलताना फाटायचा. समोरच्या अक्का, गल्लीत सगळ्यांत वडीलधाऱ्या, त्या वैतागल्या आणि तिला म्हणाल्या, तू आपली पोरं सांभाळ आणि आम्हाला काहीतरी वाचून दाखव. तिने माझी दोन्ही पोरं घेतली आणि मोबाईलवर माझी गोष्ट काढली.

खरं सांगते, पहिल्या दिवशी मला आनंदच झाला. मुलं गेली, घर शांत झालं, आणि मी खुर्चीवर बसून लिहिलं. खुर्चीवर, दोन्ही हातांनी. आमच्या घराची पाळी वगळता त्या उन्हाळ्यात मी थापायला गेलेच नाही. मी घरी लिहायचं आणि धाकटीने पोरं घेऊन तिकडे वाचायचं, हे आपसूकच ठरलं. आमच्या घरी बाया जमल्या तेव्हा मी चुलीपाशी पीठ हाटत होते, आणि ती पार मागच्या अंगणात. तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. बायांचं हसणं तेवढं ऐकू यायचं.

मी नेमकं हसण्यासारखं काय लिहिलं होतं, ते मला आठवेना.

मग अक्का एक दिवस दारात थांबून म्हणाल्या, "तुन्ही जाऊ काय गोष्ट सांगस वं माय!"

"अक्का, गोष्ट माझी आहे," मी म्हणाले.

"हां, तू लिखस, माले माहीत शे," असं म्हणून त्यांनी आमरसाचा डबा माझ्या हातात दिला आणि तो वर धाकटीला नेऊन द्यायला सांगितलं.

त्या दिवसापासून मी मोजायला लागले. पुढे काय होणार हे बाया धाकटीला विचारायच्या, मला नाही. भाजीवाल्याच्या गाडीपाशी तिच्याभोवती घोळका, मी आपली कोथिंबीर निवडतेय. बिबडे संपले तरी वाचन संपलं नाही. दुपारी कुणाच्या तरी ओट्यावर बैठक बसायचीच. माझं माहेर भुसावळच्या रेल्वे कॉलनीतलं, माझी भाषा शाळेच्या बाईंची. धाकटी शिंदखेड्याकडची. ती माझं लिहिलेलं वाचता वाचता आपल्या बोलीत आणते, हे मला कळलं होतं. तेव्हा वाटलं, चला, भाषा तिची आहे, म्हणून तिचं कौतुक होतंय. स्वतःची समजूत घालायला तेवढं पुरलं.

पण मुलगीही तिकडेच. दुपारी तिला झोपवायला गेले तर ती म्हणायची, "काकूजवळ." तिच्या फ्रॉकला धाकटीच्या पावडरचा वास यायचा. ती आल्या आल्या मी फ्रॉक बदलायची. नवऱ्याने विचारलं, दिवसातून किती कपडे बदलशील तिचे? मी म्हटलं, घाम येतो. मग त्याला सगळं सांगून टाकलं, तर तो म्हणाला, "अगं, लोकांना आवडतंय ना?" त्याला त्या दिवशी भरीत फार तिखट लागलं.

मला एवढंच हवं होतं, की या गल्लीने एकदा म्हणावं, ही गोष्ट हिची आहे. नागपूरच्या बायांनी म्हणून भागत नव्हतं. मोबाईलमधली गोष्ट कुणीही आपल्या तोंडाने सांगू शकतं, छापलेल्या पुस्तकावर मात्र नाव असतं. तेव्हा मी तीच गोष्ट कादंबरी म्हणून स्वतःच छापायची ठरवली. भिशी लागली होती, ती त्यात घातली. मुखपृष्ठ फ्लेक्सवाल्याकडून करून घेतलं. त्याने कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचा सूर्यास्त आणि नारळाची झाडं लावली. माझा नायक रेल्वेचा इंजिन ड्रायव्हर, सगळी गोष्ट भुसावळात घडते, तिथे नारळ कुठले? तो म्हणाला, "ताई, प्रेमाला समुद्रच लागतो." पण माझं नाव त्याने मोठ्या अक्षरात टाकलं होतं, म्हणून मी नारळ चालवून घेतले.

धुळ्याच्या छापखान्यातून नवऱ्याने गठ्ठे आणले. वाटेत पारोळ्याला थांबून त्याने पेढे घेतले, तेवढं त्याला सुचलं. मी गल्लीतल्या प्रत्येक घरी पुस्तक दिलं, आतल्या पानावर सही करून. धाकटीलाही दिलं. तिने दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि मुखपृष्ठावरून बराच वेळ हात फिरवत राहिली. त्या दिवशी मला फार बरं वाटलं. आता कळेल, मनात म्हटलं.

पुढे कितीतरी दिवस गल्लीत कुणी अवाक्षर काढलं नाही. बाया मला पाहून हसायच्या आणि दुसरंच काही बोलायच्या. शेवटी अक्का पुस्तक घेऊन आल्या. त्यांनी सुनेकडून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून घेतलं होतं. पदराने मुखपृष्ठ पुसत त्या जवळ बसल्या, वाईट बातमी सांगायला आल्यासारख्या.

"ह्यामा ती पोर कोठे शे?"

"कुठली पोर?"

"अवं, तिन्ही आंडेर. सुननी बठ्ठा पानं देखात, पोर काही सापडनी नही."

आंडेर, म्हणजे मुलगी, माझ्या नायिकेला नाही, असं मी सांगितलं. मीच लिहिलंय, तेव्हा मला माहीत आहे. अक्कांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की मलाच क्षणभर शंका आली. मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "छापखानामा पानं राही गयात वाटस," त्या म्हणाल्या. "धुयाले जाईसन बदली लई ये."

सगळ्या गल्लीने हेच धरलं होतं. छापखान्याने पानं गाळली, मोठीचे पैसे बुडाले, आणि तिला वाईट वाटू नये म्हणून कुणी बोलत नव्हतं. एकीने तर तिच्या भाच्याला, धुळ्याला वकिली करतो, त्याला विचारूनही ठेवलं होतं. आणि वरून म्हणाली, "छापण्याआधी धाकटीला दाखवायचं तरी होतंस."

मी तशीच जिना चढून वर गेले. धाकटी वांगी चिरत होती. मी विचारलं, माझ्या गोष्टीत कुणाची पोर घुसवलीस तू?

तिने विळी आडवी केली. "ताई, मी मुद्दाम नही कयं," ती म्हणाली. पहिल्या दिवशी माझी मुलगी तिच्या मांडीवर होती, आणि वाचताना मधेमधे बोलत होती. नायक दारात आला की ही म्हणायची, चपला बाहेर काढ. बाया हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, ती पोर आज काय म्हणाली? मग तिने पोरीला गोष्टीतच घेतलं. एकदा घेतल्यावर काढायची कशी?

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही तुला?"

तिने चिरलेली वांगी पाण्यात टाकली. मग म्हणाली, "तुमच्या बाईला नोकरी व्हती, गच्ची व्हती, बठ्ठं व्हतं. माले वाटनं, पोर पन असू दे."

मी वळून खाली आले. पण राग गेला असं समजू नका. मी रात्र रात्र घासून लिहिलेला तो इंजिन ड्रायव्हर, त्याचे डोळे, प्लॅटफॉर्मवरची ती भेट, यातलं कुणाला काही आठवत नव्हतं. त्यांना आठवत होती ती पोर, जिच्यासाठी मी एक ओळही लिहिली नव्हती.

पुन्हा उन्हाळा आला. पहिली पाळी अक्कांकडे होती. या वेळी मी मोबाईल घरी ठेवला, पुस्तक काखेत घेतलं आणि गेले. माझं वाचून दाखवायचं आणि हा घोळ एकदाचा मिटवायचा, असं ठरवूनच. पण पोचले तेव्हा धाकटीचं सुरू झालं होतं. मी बिबडे वाळत घातलेल्या खाटेच्या मागे उभी राहिले. तिच्या हातात मोबाईलही नव्हता. माझी मुलगी तिच्या मांडीला टेकून बसली होती, आणि मुलगा तिच्या पदराशी खेळत होता.

"तठे कुकरनी शिट्टी व्हयनी," धाकटी सांगत होती, "नि पोरनी बाहुलीना कान झाकी लिधात. सोताना नही, बाहुलीना."

बाया हसल्या. माझी मुलगीही हसली आणि तिने हातातल्या बाहुलीचे कान झाकले. सवयीने, सहज.

मी दिवसातून कितीदा तरी कूकर लावते. ती तिथेच ओट्याखाली खेळत असते. पोर भात संपवत नाही, शेवटचा घास मुंगीसाठी ठेवते, असं धाकटीने पुढे सांगितलं. त्या घासासाठी मी तिला ओरडत आले होते. धाकटी सांगत गेली आणि मी उभी राहून एकेक ओळखत गेले, काही ओळखीचं होतं, बरंचसं नव्हतं. इतकी जळले मी तेव्हा, की त्या इंजिन ड्रायव्हरवर कुणी हक्क सांगितला असता तर मी तो खुशाल देऊन टाकला असता.

अक्कांनी मला पाहिलं. "ऊनी का? ये, आज तू वाच," त्या मोठ्या मनाने म्हणाल्या. धाकटी लगेच सरकली आणि मला जागा करून दिली. मी बसले. पुस्तक उघडलं आणि वाचायला लागले. स्टेशन, संध्याकाळ, मोकळे केस. बाया शांत बसून थापत होत्या, मान राखून. माझी मुलगी माझ्याजवळ सरकली. मला बरं वाटलं. तिने पानावर बोट ठेवलं, तिला येणारी अक्षरं शोधत ओळीवरून फिरवलं, मग पान उलटलं, आणखी एक उलटलं.

"मम्मी," ती म्हणाली, "यात मी नाहीये."

अक्का पातेल्यात बघायला लागल्या. धाकटी तर खाली मान घालून पदराला गाठ मारत होती.

मी पुस्तक मिटून खाटेखाली ठेवलं, ओढणी खोचली, हात ओले केले आणि थापायला बसले. धाकटीला म्हटलं, तू सांग. ती आधी नको म्हणाली. मी पुन्हा म्हटलं, तेव्हा तिने सोडलं होतं तिथून धरलं. मुलगी पुन्हा तिच्या मांडीवर गेली. माझे बिबडे त्या दिवशी चांगले झाले नाहीत, कारण मी सारखी मान वळवून ऐकत होते. ती पोर पुढे काय करते, ते मला ठाऊक नव्हतं.