वहिनीला गाडी लागायची

मधली सुट्टी नुकतीच संपली होती. बोईसरच्या आमच्या शाळेच्या ऑफिसात फोन आला, शिपाई वर्गाच्या दाराशी येऊन नुसताच उभा राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं की घरचं काहीतरी आहे. फोनवर सुहास होता, माझा भाचा. "आत्या, आई गेली," एवढंच म्हणाला. सकाळी वाडीत फुलं तोडायला गेली होती, परत येऊन मागच्या पायरीवर बसली, पाणी मागितलं... पाणी आणेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याला आता महिना उलटून गेला. समाचाराला आलेल्या बायका तिच्या हातच्या भरल्या केळ्यांबद्दल बोलल्या, तिने गुंफलेल्या अबोलीच्या वळेसरांबद्दल बोलल्या. मला मात्र सुहासच्या आईची, माझ्या सुलूवहिनीची गोष्ट सांगायची म्हटलं की पहिल्यांदा आठवते ती ओकारी. वाचणाऱ्यांनी नाक मुरडू नये. ही गोष्ट तिनेच सगळ्यांत जास्त वेळा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसून सांगितलेली आहे.

सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. दादाचं लग्न चिंचणीला झालं आणि वऱ्हाड एसटीने पालघरजवळच्या आमच्या माहीमला परतलं. नवरी उतरली ती पांढरीफटक पडलेली. तारापूर सोडल्यापासून तिचं डोकं खिडकीबाहेरच होतं. दारात माप भरून ठेवलेलं, आरतीचं ताट घेऊन आई उभी, आणि नवरी दाराच्या चौकटीला धरून डोळे मिटून थांबलेली. शेवटी आई म्हणाली, "आधी माप ओलांड गो बाय, मग काय ते ओक!" वहिनीने माप लवंडलं, आत आली आणि तशीच मागच्या दाराने थेट वाडीत गेली. मी तांब्या घेऊन तिच्या मागे धावले. तोंड धुऊन झाल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमी धाकट्या वन्सं ना? घरात लिंबू हाय का?" आमची ओळख ही अशी झाली.

गाडी लागते म्हणजे किती लागावी? एसटी लागायची, टेम्पो लागायचा, रिक्षा लागायची. लिंबू, लवंग, आवळासुपारी, पोटावर वर्तमानपत्र बांधणं, सगळं करून झालं. माहीमपासून पालघर काही लांब नाही, पण तेवढ्यातही ती घामाने भिजून जायची. चिंचणी तर पालघर, बोईसर, तारापूर करत गाठायची. त्यामुळे तिचं माहेर जवळ असून परदेशी असल्यासारखं झालं. वर्षातून एकदा जायची, पहिला दिवस अंथरुणात काढायची, आणि परतीचा प्रवास आठवून दुसऱ्या दिवशीचं जेवण तिच्या घशाखाली उतरायचं नाही. शेजारणी म्हणायच्या, नखरे आहेत.

मग तिचे वडील अत्यवस्थ झाल्याचा निरोप आला. मी तिच्याबरोबर निघाले. पालघरच्या पुढे तिला एसटीतून उतरावं लागलं. तासाभराने दुसरी मिळाली, ती उमरोळीला सोडावी लागली. बोईसरला ती स्टँडवरच्या बाकावर आडवी झाली, मी पदराने वारा घालत राहिले. आम्ही चिंचणीला पोचलो तेव्हा माणसं किनाऱ्यावरच्या स्मशानातून परत येत होती, ओल्या धोतरांनी. वहिनी रडली नाही. आईजवळ जाऊन बसली आणि तिचा हात हातात घेऊन नुसती बसून राहिली. तिच्या आईला तेव्हाच कमी दिसायला लागलं होतं. घरात दुसरं कोणी नव्हतं, आणि नवऱ्याचं घर सोडून माहीमला जावई-मुलीकडे राहायला ती माउली तयार नव्हती.

दादा बोईसरच्या कारखान्यात सुपरवायझर होता. बोलका नव्हता, पण ही गोष्ट त्याच्या मनात घर करून राहिली. ऐंशीच्या दशकात त्याने एक जुनी, राखाडी रंगाची गाडी घेतली. घरात सांगितलं की नारळ-केळी न्यायला बरी पडेल. पण गाडी कोणासाठी आहे हे आईपासून सुहासपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. एसटीतल्या वासाने, गर्दीने होत असेल, आपल्या गाडीत होणार नाही, असा त्याचा हिशेब. पहिल्याच फेरीत पालघरच्या अलीकडे गाडी थांबवावी लागली. वहिनी रस्त्याकडेच्या गवतात वाकलेली आणि दादा गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभा, जणू गाडीनेच त्याला दगा दिला होता.

बोईसरच्या मेकॅनिकने गाडी दोन्ही हातांनी दाबून बघितली आणि म्हणाला, "शॉकॲब्सॉर्बर खतम है साहब. भाभीजी गाडी में नहीं, झूले में बैठती हैं." झालं! दादाला धागा सापडला. रोग वहिनीत नाही, गाडीच्या झोक्यात आहे. तो सस्पेन्शनच्या मागेच लागला. नेमका तेव्हा त्याचा जहाजावर नोकरी करणारा मित्र भालू सुट्टीवर आला होता. भालूने परदेशातून आपल्या गाडीसाठी वेगळेच शॉकॲब्सॉर्बर आणले होते. प्रत्येक चाकाशी एक खटका. एकीकडे फिरवला की गाडी मऊ, दुसरीकडे फिरवला की कडक. रस्ता बघून आपण ठरवायचं. तसाच आणखी एक संच त्याच्याकडे होता आणि तो दादाला द्यायला तयार होता. दादा रोज जेवताना तेवढंच बोलायचा. "तिकडे तर गाडीच रस्ता ओळखून आपोआप मऊ-कडक होईल, असं संशोधन चाललंय," तो सांगायचा. आई भात वाढताना म्हणायची, "गाडीला कळंल रं, पण खड्ड्याला कवा कळंल?" मी म्हणायचे, साधे नवे शॉकॲब्सॉर्बर बसव आणि बघ. दादाला ते पटायचं नाही. साधे म्हणजे एकदा बसवले की तसेच, आणि आपल्याकडे तर दर मैलाला रस्त्याची जात बदलते. वाद महिनाभर चालला. वहिनी ताटावर मान घालून जेवायची. तिच्याच पोटाचा प्रश्न होता, पण तिला कोणी विचारलं नव्हतं.

शेवटी भालूने तोड काढली. म्हणाला, माझीच गाडी घेऊन जा, चिंचणीपर्यंत न्या, वहिनीला बरं वाटलं तर संच घ्या. एका रविवारी आम्ही तिघं निघालो. पहिल्यांदा दादाने खटके मऊ केले. गाडी पाण्यावरच्या होडीसारखी तरंगत निघाली, मला तर झोप यायला लागली. वहिनीने पालघर यायच्या आधीच तोंडाला पदर लावला. थांबलो. दादा शर्ट काढून, गोणपाट अंथरून एकेका चाकाखाली शिरला आणि खटके कडक करून आला. आता दाण्याएवढा खडाही पाठीच्या मणक्यात कळू लागला. वहिनीचं पोट उमरोळीपर्यंत टिकलं. पुन्हा थांबलो. आता मधलं माप. बोईसरच्या पुढे कारखान्यांच्या टँकरांनी रस्त्याची पार चाळण केली होती. तिथे एका चिंचेखाली आम्ही तिसऱ्यांदा थांबलो. दुपारचं ऊन, दादाचं कपाळ ग्रीसने माखलेलं, आणि अजून एकदा चाकाखाली जायची त्याची तयारी. मला हसावं की रडावं कळेना.

वहिनी चिंचेच्या मुळावर बसली होती. तोंड धुऊन तिने दादाकडे पाहिलं. "अवो, तुमाला कदी गाडी लागते का?"

"मला? मी चालवतो. चालवणाऱ्याला कुठे लागते?"

"का नाय लागत?"

दादा थांबला. "वळण यायच्या आधी त्याला ठाऊक असतं ना. खड्डा दिसतो, हात आधीच फिरतो..." बोलता बोलता त्याचा आवाज हळू झाला. वहिनी उठली, साडी झटकली.

"मंग मला चालवाय शिकवा," ती म्हणाली.

त्या दिवशी आम्ही चिंचणीला गेलो नाही. परत येताना वहिनी पहिल्यांदाच पुढे बसली होती, आणि काचेतून रस्त्यावर नजर रोखून ती बरीचशी शाबूत घरी पोचली.

दादाला पटायला वेळ लागला. चाळिशीकडे झुकलेली बाई, आमच्या गावात तोवर एकाही बाईने स्टिअरिंगला हात लावलेला नव्हता. आईच म्हणाली, "बैलगाडी हाकायचीच ना पोरीची जात? माझी आई हाकायची. शिकव तिला." भात कापून झाल्यावर आमच्या शेतात शिकवणी सुरू झाली. बांध फोडून दोन खाचरं एक केली होती, गाडी त्यात उसळायची, दादा ओरडायचा, "क्लच! क्लच!" आणि वहिनी ओरडायची, "बोंबलू नका, मना ऐकू येतंय!" कुंपणाशी पोरंटोरं जमायची, काही म्हातारे टवाळी करायचे. एकदा तिने गाडी थेट गवताच्या गंजीत घातली. खाली उतरून गंजीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, पुन्हा आत बसली आणि गाडी मागे घेतली. गाडी मागे घेणं तिला तोवर शिकवलेलंच नव्हतं. आणि इतक्या उसळणाऱ्या गाडीत एकदाही तिला मळमळलं नाही.

लायसन हातात आलं त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही चिंचणीला निघालो. वहिनी स्टिअरिंगवर, मी शेजारी, दादा मागे. पालघर गेलं, उमरोळी गेली, बोईसर आलं. वहिनी दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून, ओठ दाबून चालवत होती. समोरून टँकर आला की गाडी कडेला घेऊन थांबायची आणि तो गेला की निघायची. तारापूर जवळ आलं तसा मागून क्षीण आवाज आला, "सुलू... जरा थांबव." गाडी थांबली. दादा दार उघडून घाईने झाडाआड गेला. वहिनीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघी स्टिअरिंगवर कोसळून हसलो. तो परत आला तेव्हा तिने मात्र चेहरा सरळ केला आणि पर्समधून लिंबू काढून त्याच्या हातावर ठेवलं.

चिंचणीच्या घराच्या अंगणात गाडी उभी राहिली. वहिनीची आई काठी टेकत बाहेर आली. तिला फक्त मोठं काहीतरी राखाडी दिसत होतं. ती हाताने चाचपत गाडीच्या दारापर्यंत आली. "सुलू, कोनी आनली गो तुला?"

"कोनी नाय, आये. मीच आले."

म्हातारीने गाडीच्या छपरावरून हात फिरवला, मग मुलीच्या तोंडावरून फिरवला. कितीतरी वेळ फिरवत राहिली.

भालूचा संच दादाने घेतला नाही. वहिनीच म्हणाली होती, "खड्डा बघून गाडी हळू केली की तीच मऊ. परत्येक येळी उतरून कोन चाकाखाली जाईल?" पण साधे नवे शॉकॲब्सॉर्बर तिने बसवून घ्यायला लावले. मागे बसणाऱ्यालाही पाठ असते, हे तिचं म्हणणं. त्यानंतर दर पंधरवड्याला ती माहेरी जाऊ लागली. आईला पालघरला आणून तिचं मोतिबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं. पट्टी निघाली तेव्हा म्हातारीने आधी गाडीचा रंग विचारला आणि तो राखाडी निघाला म्हणून नाराज झाली. शेवटची तीन-चार वर्षं ती हट्ट सोडून माहीमलाच राहिली, आमच्या ओटीवर, आणि मुलगी गाडी काढताना रोज ओरडून सांगायची, "हळू जा गो!" गेली तेव्हा तिचं डोकं वहिनीच्या मांडीवर होतं. वडिलांच्या वेळचं वहिनी त्यानंतर माझ्याशी एकदाच बोलली. म्हणाली, "वन्सं, आता मन शांत हाय."

वहिनीच्या तेराव्यानंतर दादाने मला हाक मारली. गाडी अंगणात धूळ खात होती. सुहासला नोकरीच्या गावाहून रोज येता येत नाही, दादाला हल्ली कमी दिसतं. "विकू का?" त्याने विचारलं. मी म्हणाले, थांब. माझी शाळेतून निवृत्ती अजून लांब आहे, आणि बोईसरला जायला एसटीसाठी मी किती वर्षं ताटकळले आहे ते मलाच ठाऊक. गेले तीन रविवार मी त्याच शेतात शिकते आहे. शेजारी दादा बसतो, अजून तसाच ओरडतो.

पहिल्या दिवशी दार उघडून बसले तेव्हा त्याने खाली हात घालून सीट सरकवायचा खटका शोधला. "तुझ्या मापाने करून घे," म्हणाला. मी पाय लांबवले. क्लच पायाखाली आला, ब्रेक आला. वहिनी आणि मी सारख्याच ठेंगण्या.

"राहू दे," मी म्हणाले. "बरोबर आहे."