शालिक खाली उतरला का?

आधीच सांगतो, असले अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी आहे. ‘मागे वळून पाहतो तर कोणीच नाही’ असं वाक्य आलं की मी वाचणं सोडून चहा टाकायला उठायचो. मी घुग्घुसला एका सिमेंट कारखान्याच्या काट्यावर बसतो. काटा म्हणजे ट्रक तोलायचा. बारा वर्षं झाली. वजन वाढवायला ड्रायव्हर लोक टाकीत पाणी भरतात, सीटखाली दगड ठेवतात, केबिनमध्ये तीन-तीन माणसं झोपवतात... त्यामुळे समोरचा काहीतरी लपवतोय असं धरूनच मी बोलायला सुरुवात करतो. बायको म्हणते, तुम्ही देवळातला प्रसादसुद्धा हातावर तोलून घेता. भुताला वजन नसतं, म्हणून ते माझ्या खात्यात येतच नव्हतं.

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांनी मलाच काट्यावर उभं केलं. एकशे चार किलो. जगाचे ट्रक पकडणाऱ्याला स्वतःचा ओव्हरलोड दिसला नव्हता. मग मी जोशात व्हॉट्सॲपवर ‘चला डोंगर चढू’ नावाचा ग्रुप काढला आणि त्याची लिंक दिसेल तिथे टाकली. ॲडमिन मी, ट्रेक लीडरही मीच. तोवर आयुष्यात मी चढलेला उंच भाग म्हणजे मार्कंड्याच्या नदीघाटाच्या पायऱ्या, त्याही बहुतेक उतरलेल्याच.

पहिला ट्रेक ठरला कुरखेड्याकडच्या एका डोंगरावर, कारण माझी बहीण कुरखेड्याला दिली आहे आणि आदल्या दिवशी तिच्याकडे जेवून झोपता येतं. पायथ्याच्या गावाचं नाव लिहीत नाही. त्या लोकांना माझा आधीच पुरेसा त्रास झाला आहे.

रविवारी सकाळी साडेसातला फाट्यावर जमायचं होतं. चौघांनी ‘येतो’ म्हटलेलं. त्यातले तिघं ओळखीचे. चौथा एक अनोळखी नंबर, फोटो नाही, नाव नाही, लिंकवरून आलेला. सकाळी उठलो तर धो-धो पाऊस. एकाचं पोट बिघडलं, एकाच्या सासऱ्याचं बिघडलं, तिसऱ्याने नुसतंच ‘तब्येत’ लिहून सोडून दिलं. मी तरी निघालो. त्या तिघांना लाजवायला वरून फोटो टाकायचा होता, खरं कारण एवढंच.

फाट्यावर बंद टपरीच्या पत्र्याखाली एक माणूस उभा होता. चाळिशीचा, काटक, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोक्यावरून खताच्या पोत्याची खोळ.

“ग्रुपवाले ना तुम्ही?” मी विचारलं.

“चाला,” तो म्हणाला.

“नाव?”

“शालिक.”

झाली चौकशी. ट्रकवाल्याचं लायसन दोनदा उलटसुलट करणारा मी, या माणसाला एवढ्यावर गाडीवर मागे बसवून घेतला.

गावातल्या शेवटच्या घराच्या पडवीत एक बाई सात्या निवडत बसली होती. सात्या म्हणजे वारुळावर उगवतात ती अळंबी. तिच्या अंगणात मी गाडी लावली.

“वरतं चालले का?”

“हो बाई. ट्रेकिंग.”

“म्हंजे काय आणाले?”

“आणायचं काही नाही. नुसतं चढायचं आणि उतरायचं.”

तिने मला डोक्यापासून बुटापर्यंत पाहिलं. “घरी भांडण झालं का जी?”

मग म्हणाली, “किती जण हाय?”

“दोघं.”

“तं शिळेवर दोन दगड ठेवा.”

मोहाच्या झाडाखाली एक सपाट शिळा होती. तिने सांगितलं ते असं — पावसाळ्यात सात्या, वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब आणायला जो कोणी डोंगरात जाईल त्याने शिळेवर एक दगड ठेवायचा. उतरला की आपला आपण उचलायचा. दुसऱ्याच्या दगडाला हात लावायचा नाही. “सांजेले आमी शिळा पायतो. दगड उरला का माणूस उरला, मंग निंघतो सारे.”

मला ही पद्धत फार आवडली. आमच्या गेटच्या हजेरीपेक्षा बरी. शिळेवर आधीच एक दगड होता, त्याच्या शेजारी मी माझा ठेवला आणि म्हणालो, “शालिकभाऊ, तुमचा?”

“माहा हाय ठेवलेला,” तो म्हणाला, आणि आधीच्या दगडाकडे हनुवटीने दाखवलं.

इथे माझ्या डोक्यातला काटा हलला. फाट्यावर माझ्याबरोबर निघालेला माणूस, त्याचा दगड इथे आधी कसा? म्हणजे हा पहाटेच इथे येऊन गेला होता. कशाला? उत्तर मी दहा पावलांत काढलं. रानडुकरांसाठी तारा लावणारे असतात, करंट सोडून मारतात. हा त्यातलाच. वर तारा लावल्या असणार, आता बघायला चाललाय, आणि फॉरेस्टवाला भेटला तर ‘साहेबाले डोंगर दाखवून राह्यलो’ म्हणायला मी. लाल रेनकोट घातलेला एकशे चार किलोंचा पुरावा.

अर्ध्या तासावर नाला लागला. त्यावर सागाचा एक ओंडका आडवा टाकलेला, अलीकडचं टोक सैल दगडांवर. मी चढलो तसा तो असा डुलला की मी चार पायांवर पार झालो. शालिक मागून आला. मी पलीकडच्या टोकावर हात ठेवून बसलो होतो, दम खात. ओंडका हलला नाही. डुलला तर नाहीच, हाताला साधा थरकापही लागला नाही. मी माणूस चालताना पाहून वजन सांगतो, दोन किलो इकडे-तिकडे. हा पंचावन्नचा तरी होता. पंचावन्न किलो सैल ओंडक्यावरून गेले आणि माझ्या हाताला काही कळलं नाही? मी स्वतःला सांगितलं, काटक माणूस आहे, पाय हलका टाकत असेल. आणि परत तारांकडे वळलो.

“गाव कोणतं तुमचं?”

“इथीच.”

“इथीच म्हणजे?”

“इथीच ना भाऊ.”

“करता काय?”

“तुमी मले काऊन एवढं इचारून राह्यले? लगन जुळवाचं हाय का?”

मी हसलो, पण त्याने उत्तर दिलं नव्हतं हे मनात टिपून ठेवलं.

पुढे ढग असे खाली आले की दहा हातांवरचं झाड दिसेना. शालिक थांबला. “भाऊ, आता फिरा. पानी वाढून राह्यलं.”

म्हणजे वर मला न्यायचं नाही. मी म्हणालो, “अजून थोडं.” तो पुढे चालला. पंधरा मिनिटांनी परत थांबला. “आल्या वाटेनं नका जाऊ, नाला भरला असन. डावीकडून उतरू.” आणि डावीकडे दाखवली ती दाट बांबूत शिरणारी पायवाट.

आता माझी खात्रीच पटली. तारा तिकडे, साथीदार तिकडे. आणि मी त्याचा दगड पाहिला होता, नाव ऐकलं होतं. माझा चेहरा तेव्हा कसा झाला असेल याची कल्पना करा. लघवीला जातो म्हणून मी एका खडकामागे गेलो आणि तिथेच बसून राहिलो. फोन सायलेंट केला. रेंज नव्हती, तरी केला.

त्याने हाक मारली. “भाऊ...”

मी खडकाला आणखी चिकटलो.

“भाऊ, कुठी हाय तुमी?”

मी तोंडावर हात धरला. तिसरी हाक आली तेव्हा आवाज बदललेला होता. घाबरलेला. माझ्यासाठी घाबरलेला, हे तेव्हाही कळत होतं, खोटं कशाला बोलू. मग त्या हाका वर-वर जात राहिल्या. मी पुढे गेलो असं समजून तो मला शोधायला वर चालला होता. ऐकू येईनासं झालं तसा मी उठलो आणि आल्या वाटेने खाली पळालो.

नाला दुथडी चालला होता, गढूळ, फांद्या घेऊन. ओंडका मात्र जागेवर. मी एक पाय ठेवला.

“भाऊ, नका येऊ.”

आवाज समोरच्या काठावरून आला. शालिकचाच. पलीकडे ढगात काही दिसत नव्हतं. मी पाय काढला तो घाबरून, ऐकून नव्हे. पाय उचलला आणि ओंडका कुशीवर वळला, एक टोक वर आलं, आणि गेला. मोजायला वेळ मिळाला नाही.

नाल्यापर्यंतची वाट एकच. तिच्यावर मी होतो. तो माझ्या वर होता, माझ्यापासून लांब जात होता. पलीकडे जायला दुसरा ओंडका नव्हता.

मी परत चढलो, नाल्याला वरून वळसा घालणारी ती बांबूतली डावी वाट धरली आणि बसत, घसरत, पँटचा मागचा भाग डोंगराला अर्पण करत दीड-दोन तासांनी बाईच्या घरामागे उतरलो. त्या वाटेवर तारा नव्हत्या, साथीदार नव्हते. साधी वाट होती.

तीन वाजले होते. शिळेवरचा माझा दगड उचलला. दुसरा तसाच होता. मी गाडीला किक मारायला लागलो. हो, तसाच निघालो होतो. गाडी भिजलेली, सुरू होईना. तेवढ्यात बाई पडवीतून उतरली.

“दुसरा कुठी हाय?”

“तो... पलीकडून उतरला. त्याच्या गावाला गेला.”

“दगड न उचलता?” हे तिच्या सासऱ्याने विचारलं. म्हातारा आतून आला होता. “कोन होता?”

“शालिक.”

“कोनचा शालिक? आमच्यात तं नाई कोनी.”

“बाई, तुम्ही पाहिला ना सकाळी माझ्याबरोबर?”

“मी हासू दाबून राह्यली होती तुमाले पाहून. दुसऱ्याकडं कोन पायते?”

म्हाताऱ्याने सांगितलं, काल संध्याकाळी शिळा साफ होती, त्याने स्वतः पाहिली. घराघरात विचारलं, गावातलं कोणी वर नव्हतं. म्हणजे दगड कोणाचा तरी होता आणि तो माणूस खाली आलेला नव्हता. बारा-तेरा जण दोर, कुऱ्हाडी घेऊन निघाले, आणि निघाले ते डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, कारण मी तसं सांगितलं होतं. उजेडाचा एक तास त्यात गेला. ते परत आल्यावर मग मी म्हणालो की नाही, तो बहुधा वर गेला. का गेला, ते सांगितलं नाही.

अंधार पडेपर्यंत शोधलं, दुसऱ्या दिवशी सकाळीही शोधलं. काही नाही. खोळ नाही, चप्पल नाही. पोलीस पाटलांनी आजूबाजूच्या गावांत विचारलं, कोणी हरवल्याची खबर नव्हती.

आणि त्या रविवारी कुरखेड्यात शिरताना फोनला रेंज आली तेव्हा त्या अनोळखी नंबरचा सकाळचा मेसेज येऊन पडला होता — ‘भाऊ माफ करा, पुलावर पानी हाय, घरूनच निघालो नाई. बाकीचे आले का?’

भाऊजी म्हणतात चकवा होता. बाई म्हणते देवच असन, तुमाले सांभाळाले आला. काट्यावरचा माझा जोडीदार म्हणतो शुगर उतरली होती. मला तिन्हींवर संशय आहे. चकव्याने मला नाल्यात घातलं असतं, वाचवलं नसतं. देव शिळेवर हजेरी लावेल का? आणि शुगर उतरून दगड कसा येईल? दगड तिथे आहे, मी मध्यंतरी फोन करून विचारलं. उचलायचा कोणी, त्यांच्यात तशी रीत नाही.

बारा वर्षं लोकांचं वजन मारणं पकडत आलो, या एका माणसाचं वजन लागलं नाही आणि आता मी ते लागू नये म्हणून देवाला विनवतो. तो भूत असावा, चकवा असावा, काहीही असावा, फक्त माणूस नसावा. कारण माणूस असेल तर तो मला हाका मारत वर गेला होता आणि मी खडकामागे तोंड दाबून बसलो होतो. हे गावात सांगितलं नाही, बहिणीला नाही, बायकोलाही नाही. इथे पहिल्यांदा लिहितोय.

तुमच्यापैकी कोणाच्या ओळखीत, कुरखेडा-वडसा भागात, शालिक नावाचा काटक माणूस त्या पावसाळ्यात घरी परतला नसेल तर कृपया खाली लिहा. रोज उघडून बघतो. कोणी काही लिहिलेलं नसलं की मला बरं वाटतं, हेही खरं तेच सांगतो.