गाठीचं गोत

अख्ख्या वाशिम जिल्ह्यात परका म्हणावा असा माणूसच नाही, यावर माझ्या रिठदच्या मामाचा ठाम विश्वास आहे. दारात आलेल्याला पाणी लगेच मिळतं. चहा मात्र गाव, आडनाव आणि आजोळ सांगितल्यावरच. एकदा मंगरूळपीरच्या एसटीत तिकीट द्यायला आलेल्या कंडक्टरचीच त्याने अशी उलटतपासणी घेतली, की तो बिचारा इंझोरीच्या आत्याच्या नणंदेचा जावई निघाला आणि मामाचा स्टॉप मागे राहिला. "स्टॉप उद्याही तिथंच राह्यते. जवाई रोज भेटते का?" असं वर आम्हालाच सुनावलं.

अशा माणसाच्या मानेवर गाठ आली आणि नेमकं तिचंच गोत लागेना. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी तुकडा काढून तपासला. कॅन्सर आहे, पण कुठल्या पेशींपासून निघाला ते कळत नाही, म्हणाल्या. मामी रडायला लागली. मामा चिडला. "माह्या अंगात राह्यते, माहंच खाते, अन् कोनाची हाय थे सांगत नाई?"

औषध त्याच दिवशी सुरू व्हावं असं मामीला वाटत होतं, मलाही. पण मूळ कळल्याशिवाय दिलेलं औषध वाया जाईल, असं बाईंचं म्हणणं. तुकडा मुंबईला पाठवायचा, तिथे निरनिराळे रंग लावून पेशींची ओळख पटवतात. मामा एकदम खूश. "सोयरीक करतानी आपन चौकशी करतो का नाई? मंग? बाई बराबर बोलून राह्यली." लगेच बाईंचं आजोळही विचारून झालं. ते आमच्याच जिल्ह्यातल्या कारंज्याचं निघालं, म्हणून त्या भाची झाल्या.

ते थांबायचे दिवस फार वाईट गेले. गाठ वाढत होती आणि मामी सारखी हात लावून पाहायची. "पाव्हनीले असं घडीघडी चाचपू नोको," मामा तिला दटावायचा. अखेर उत्तर आलं, लिम्फोमा. अंगाची राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशींतूनच निघालेला, आणि औषधाला दाद देणारा.

"म्हंजे भावकीच निंगाली," मामा समाधानाने म्हणाला. "तरीच इतका तरास देते."

औषधाने मामाचे केस गेले, मिशा गेल्या, पण गाठही गेली. परवा तपासणी नसतानाही तो डबा घेऊन अकोल्याला निघाला. तिथल्या दवाखान्यात कुणी मेळघाटचा माणूस एकटाच पडलाय, त्याच्या गाठीचं नाव अजून आलेलं नाही.

"आपला कोण लागतो तो?" मी विचारलं.

"लय धुंडलं. कोनीच नाई लागत," मामा म्हणाला. "म्हनून तं जाऊन राह्यलो. नाव येईपर्यंत कोनी तं पाह्यजे नं जवळ."

मी त्याला एसटीत बसवून दिलं. डबा मांडीवर धरून तो खिडकीबाहेर पाहत होता. शेजारच्या माणसाला त्याने गावसुद्धा विचारलं नाही.