सुनेचं टेबल माझ्या खाटेजवळ

अर्धांगवायूनं माझा उजवा हात नेला आणि जीभही जवळजवळ नेलीच. सेवाग्रामच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तोंडात एकच शब्द शिल्लक होता, 'हो'. पाणी हवं असलं तरी हो, नको असलं तरी हो. हिंगणघाटला जन्मभर कापडदुकानात बोलून बोलून गिऱ्हाईक पटवणाऱ्या माणसाची ही गत! आडात भरपूर होतं, पोहऱ्यात काही येत नव्हतं. आता बोलणं बरंचसं परतलंय, म्हणून नातीकडून हे लिहवून घेतोय.

मुलगा नागपूरला नोकरीला, सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. बायको आधीच गेलेली. सुनेनं आपलं लॅपटॉपचं टेबल माझ्या खाटेला लागून मांडलं. मिक्सर बनवणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीत ती मार्केटिंग कोऑर्डिनेटर होती. घरून, आपल्या सोयीच्या वेळी काम करायची मुभा होती. पहाटे काम, मग माझी आंघोळ, जेवण, व्यायाम, दुपारी पुन्हा काम. आधी मला हे थोतांड वाटायचं. माल दिसत नाही, गिऱ्हाईक दिसत नाही, ही कसली दुकानदारी? पण पडल्या पडल्या ऐकत गेलो. बॅनर छापणारा टाळाटाळ करायचा, चित्रं काढणारी रुसायची, डीलर तर भांडायलाच टपलेले. ही आवाज न चढवता सगळ्यांना ठरल्या दिवशी कामाला लावायची. मी नोकरांवर ओरडून घसा बसवला, पण मला हे कधी जमलं नाही. फार अभिमान वाटायचा तिचा, आणि सांगता येत नव्हतं.

आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला येतात ते न कळवता येतात. आलेल्याला चहा सुनेनंच द्यायचा. घरी असलेली सून रिकामीच असते, याबद्दल कुणाला शंका नसते.

एके सकाळी ती मला म्हणाली, "बाबा, आज नवीन साहेब ठरवणार आहेत, घरून काम करू द्यायचं का पुण्याले बोलवायचं." तिची मीटिंग सुरू झाली आणि अल्लीपूरची माझी चुलत बहीण दारात उभी.

"काऊन वो, दिवसभर त्या डब्ब्यासमोर बसून राह्यते का?"

सुनेनं तिकडे जाणारा आपला आवाज बंद केला. "आत्याबाई, थोडं थांबा नं जी. मीटिंग हाये."

"मी थांबीन, पण भाऊचं काय? भाऊ, चहा घेतं काय?"

नको, नको, तिला उठवू नको, असं मी जीव तोडून म्हणालो. बाहेर आलं, "हो."

"पाहाय. भाऊ हो म्हणून राह्यला."

सून उठली. तिकडे डब्यातून साहेबांचा आवाज, "मॅडम, आहात का तुम्ही? मॅडम?" इथे तरी माझा शब्द कामाचा होता. मी "हो, हो, हो" करत सुटलो. पण आवाज बंद असल्यानं तिकडे काही पोचत नव्हतं, हे मला कुठलं कळायला. बहीण माझ्या छातीवर हात ठेवून म्हणाली, "येते रे बापा चहा, किती घाई." मला रडू आलं. तिनं पदरानं डोळे पुसून दिले.

साहेबांना असं निमित्तच हवं असेल, कोण जाणे. पुण्याला या, नाहीतर नोकरी सोडा, असं कळवलं. मुलगा तिला म्हणाला, बाबांसाठी बाई ठेवू, तू जा. सुनेनं नकारार्थी मान हलवली. "परक्या बाईले बाबाचं काय समजंल?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ती राजीनामा लिहायला बसली. बाई ठेवा, मी सोसेन, पण हे सोडू नको, एवढंच मला सांगायचं होतं. तोंड मी मुद्दाम मिटून ठेवलं, त्याच्यावर भरवसाच नव्हता. डाव्या हातानं तिचं मनगट घट्ट धरलं.

"वळायचं का बाबा?"

तिनं पाठीखाली हात घालून मला अलगद कुशीवर केलं, उशी नीट सरकवली. माझं तोंड भिंतीकडे झालं. मागे बटणांचा आवाज थोडा वेळ येत राहिला, मग थांबला.