लाव्ह्यांची झोप

बसा, चहा टाकलाय. तवर माझ्या शहाणपणाचं ऐका. तुम्ही खुशाल हसा, मला मात्र अजून हसू येत न्हाई.

माझा मेव्हणा सोपान वरवंडचा. त्यानं बहिणीला, म्हंजी आमच्या सुनीताला, लाव्ह्या आणून दिल्या. मुठीत मावतील अशी ठिपक्याठिपक्यांची पाखरं. सुनीता काय हरखली म्हणता! तळेगावच्या बाजारात स्वतःच्या अंड्यांची पाटी घेऊन बसायचं, हे तिच्या कवापासनं मनात होतं.

सोपाननं खुराड्यात बल्ब टांगला आन् मला बजावलं, “दाजी, दिवस मावळला तरी बल्ब चालू ठेवा. लाव्हीला लई उजेड लागतो. उजेड कमी पडला की अंडी बंद.”

“व्हय, व्हय,” मी म्हणलं.

आता मला कोण शिकवणार? आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या कोंबड्या! कोंबडी अंडं घालायला कुठं बसती? डाल्याखाली, कणगीमागं, अंधारात! बाळंतिणीच्या तोंडावर कुणी बॅटरी मारतं का?

सोपानची गाडी वळली आन् मी बल्ब काढला.

थोड्याच दिवसांत अंडी कमी झाली. सुनीता म्हणली, “अवं, बल्ब लावा की परत.”

“येडी का काय? उजेडच जास्त होतोय!”

चौकातनं वाढदिवसाचे जुने फ्लेक्स आणले आन् खुराड्याला गुंडाळले. आत लाव्ह्या, बाहेर हात जोडून हसणारे भावी सरपंच! अंडी आणखी घटली. मग वरनं घोंगडी टाकली. भरदुपारी आत अमावस्या! अंडी साफ बंद.

चूक माझी असंल, हे डोक्यात येईल तर शप्पथ. मी थेट सोपानला फोन लावला.

“सोपान, फसवलंस की आम्हाला! सगळे नर दिलेस!”

“दाजी, बल्ब चालू हाय न्हवं?”

“बल्बाचं मला सांगू नगो! सख्ख्या बहिणीला तरी चांगला माल द्यायचा!”

तिकडनं फोन कट. अजून त्याचा फोन न्हाई.

सुनीता सगळं ऐकत होती. “नराची छाती तांबूस असती. ह्यांच्या छातीवर ठिपके हायेत. माद्याच हायेत ह्या.”

“ठिपक्यांनी अंडी येत न्हाईत!”

ती पाखरांचं पाणी बदलायला निघून गेली. मला वाटलं, जिंकलो!

दुसऱ्या दिवशी ती मळ्यात गेली आन् मी सगळी पाखरं शेजारच्या ताराकाकूंना देऊन टाकली. “काकू, नर हायेत. मस्त रस्सा करा.”

सुनीता आली, रिकामं खुराडं बघितलं, आन् अंड्यांसाठी घेतलेली पाटी माळ्यावर टाकली. भांडली असती तर बरं झालं असतं हो!

इकडं काकूंनी जावई आल्यावर कापू म्हणून पाखरं गोठ्यात ठेवलेली. जावयाचं येणं लांबत गेलं. आन् बिबट्याच्या भीतीनं त्यांच्या गोठ्यात दिवस मावळला की ट्यूब पेटलेली असती!

एका सकाळी काकू वाटी घेऊन दारात.

“संपत, तुझ्या नरांनी अंडी दिली रं! रोज देत्यात!”

वाटीत चितकबरी अंडी. माझी मान वर होईना. काकूंनाच माझी दया आली. “सुनीता, तुझी पाखरं तू घेऊन जा बाई.”

सुनीतानं माझ्याकडं एकदा बघितलं.

“नगो काकू, तुमच्याकडंच राहू द्या. आमच्यात आल्या की परत नर व्हायच्या.”