पुनाचा उजवा कान

पुनाचा उजवा कान पार गेला होता, आणि हे जळगावात दोघांनाच ठाऊक होतं. एक तो, दुसरा मी, तोताराम मांडववाला. पंधरा वर्षांची आमची भागीदारी. बांबू-कापड माझ्याकडे, लाऊडस्पीकर आणि रेकॉर्डिंग त्याच्याकडे. भोंग्यांपुढे उभं राहून राहून कान गेला, पण गड्यानं बायकोलासुद्धा पत्ता लागू दिला नाही. बरोबरच होतं म्हणा. बहिऱ्याच्या हाती टेप कोण देईल?

त्र्याण्णव साली धुळ्याचे झुलालशेठ अहिराणी गाण्यांच्या कॅसेटी काढायला लागले. त्यांना कायमचा रेकॉर्डिंगवाला हवा होता. "एकदा पुनाचं काम बघतो, मग ठरवतो," म्हणाले. आणि नेमके आले त्या दिवशी आमच्या गळ्यात इंजिनिअरिंगची पोरं पडलेली. हेवी मेटल म्हणे! मुंबईच्या कुठल्या स्पर्धेला कॅसेट पाठवायची होती. मंगल कार्यालय दुपारी चारपर्यंत रिकामं होतं, तेवढ्यात उरकायचं.

ड्रम वाजवणारा कुवरसिंग सातपुड्याच्या पायथ्याचा, लहानपणापासून होळीच्या ढोलावर हात बसलेला. त्यानं पहिला दणका दिला आणि खिडक्यांच्या काचा थरथरल्या. मी म्हटलं, "अरे बाबा, हे वाजवणं शे का दरोडा शे?"

पुना मात्र खुशीत. मांडवातले माइक त्यानं बाजूला सारले. "हे भाषणाचे. तोंडाशी धरले तर बोलतील, या झांजा त्यांना झेपायच्या नाहीत." मग नाशिकहून आणलेले दोन बारीक माइक काढले, लांबूनही नाजूक आवाज धरणारे. एवढे उंच स्टँड आमच्याकडे कुठले? माझे बांबू आडवे बांधले आणि ड्रमच्या वर, डावीउजवीकडे, दोन्ही माइक टांगले. मग खिशातून सुतळी निघाली. एक टोक पुढ्यातल्या छोट्या ड्रमच्या मधोमध, दुसरं डाव्या माइकला. तीच सुतळी मग उजव्या माइकला. बोटभरही फरक नको. "अंतर सारखं असलं की थाप दोन्हीकडे एकाच वेळी पोचते," तो सांगत होता, आणि पोरं आ वासून बघत होती. हा सुतळीनं मोजतो कारण दोन्ही बाजू कानानं जोखता येत नाहीत, हे त्यांना काय माहीत!

कुवरसिंगनं पाच मिनिटं ड्रम बडवले. पुनानं हेडफोन लावून टेप ऐकली, मान डोलावली. "फस्क्लास!"

मग कुवरसिंगनं ऐकली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. "भाऊ, काहीतरी पोकळ लागतंय. माझी मधली थाप जागेवर नाही."

"थाप तुझ्या हातात असते, माझ्या माइकात नाही!" पुना खेकसला. पुना घाबरला की असाच अंगावर जातो.

झुलालशेठ खुर्चीतून उठले. पिशवीतून एका स्पीकरचा जुना टेप काढला. "मी बठ्ठ्या, एकूण एक कॅसेटी यावरच तपासतो. खेड्यातलं गिऱ्हाईक यावरच ऐकतं." कॅसेट घातली, बटण दाबलं.

ड्रम गायब! झांजांचा सळसळाट तेवढा उरलेला, छोट्या ड्रमची थाप कुणी गिळून टाकलेली. पुना पांढराफटक पडला.

पंधरा वर्षांत एवढं मीही शिकलो होतो. उजव्या माइकची वायर पुनानं आदल्या दिवशी स्वतः जोडली होती, तेव्हा दोन तारा उलट लागल्या असणार. मग एक माइक आवाज ढकलतो, दुसरा ओढतो, आणि एका स्पीकरात आले की एकमेकांना खातात. दोन कानांच्या माणसाला हेडफोनमध्ये ते खटकतं. एकाच कानानं एकेक बाजू ऐकली तर दोन्ही ठणठणीत.

"पुना, तुला हे कळलं नाही?" शेठनी विचारलं.

मी मध्ये घुसलो. "वायर मी जोडली, शेठ. चूक माझी."

"पण ऐकलं तर यानं ना?"

"घाईत ऐकलं हो. आत्ता तारा बदलतो, परत घेऊ."

शेठ थोडे निवळले. "घ्या. पण या खेपेला नीट ऐकून सांग रे पुना."

मी तारा बदलल्या. कुवरसिंग बसला. पुना हेडफोन हातात धरून तसाच उभा.

"शेठ," तो म्हणाला, "मना उजवा कान गयेल शे. पाच साल व्हई गयात."

माझं डोकंच फिरलं. "येडा झालास का? निभावलं होतं ना मी!"

"निभावलं होतंस. पण आता परत ऐकायला कोण बसणार होतं? मीच ना? या पोराची मेहनत पुन्हा माझ्या एका कानावर टाकू?"

झुलालशेठनी टेप पिशवीत घातला. "बघतो. कळवतो," म्हणाले आणि धुळ्याच्या एस.टी.ला गेले. त्या 'कळवतो'चा अर्थ आम्हाला कळत होता. मला रडू आलं, सांगायला लाज कसली?

पुनानं हेडफोन माझ्या डोक्यावर चढवले आणि कुवरसिंगला खूण केली. थाप माझ्या डोक्याच्या अगदी मधोमध येऊन बसली. पुना माझ्या तोंडाकडे बघत होता.

"बराबर शे का रे?" त्यानं विचारलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला हे विचारलं.

मी नुसती मान हलवली.

"तोंडानं सांग," तो म्हणाला, आणि डावा कान माझ्याकडे केला.