कॉलेजची डॉक्टर, घरची आई

क्लिनिकमधली औषधं एक्स्पायर होतात, किस्से काही होत नाहीत. शारजातल्या एका युनिव्हर्सिटीत मी स्टुडंट्सची डॉक्टर आहे. गेल्या सेमिस्टरचं सांगते. दिवसभर दुसऱ्यांची पोरं माझ्यापुढे मन मोकळं करायची, आणि माझाच ओंकार, तिथेच सेकंड इयरला, घरात धड जेवत नव्हता की बोलत नव्हता. विचारलं की एकच, "आय ॲम फाइन, आई." माझा जीव नुसता टांगणीला लागलेला. नवरा फुजैराला पोर्टवर, फक्त वीकेंडला घरी. तो रोज फोन करून विचारायचा, "काही बोलला का?"

कसलं काय!

*

परीक्षेच्या सकाळी आमच्याकडे पोटदुखीची साथ येते. एक हैदराबादी मुलगा पोट धरून आला. कुठे दुखतंय विचारलं, तर आधी उजवीकडे हात, मग डावीकडे. सर्टिफिकेट हवं होतं, दुसरं काय. पण हात गार पडलेले आणि नाडी धावत होती. पोट खोटं, भीती मात्र खरी. त्याला पाणी पाजलं, जरा बसवलं आणि म्हटलं, "पेपर देऊन ये, मग बघू."

दुपारी परत हजर. "डॉक्टर, अब सच्ची में दुख रहा है. पेपर देख लिया ना."

*

सुलतान नावाचा इथलाच एक अमिराती मुलगा. छाती धडधडते म्हणून घाबरून आला. ईसीजी नॉर्मल. खोदून विचारलं तेव्हा कळलं, साहेब दिवसभर कडक चहावर. इथे टपरीसमोर गाडी थांबवून हॉर्न दिला की चहा गाडीत येतो, त्यामुळे हालचाल शून्य. मी दम दिला, "यापुढे चहा हवा तर गाडीतून उतरायचं."

पुढच्या आठवड्यात खुशीत सांगायला आला, "खलास डॉक्टर, प्रश्न मिटला. आता ड्रायव्हर उतरतो."

*

इथल्या रोल्ला भागातल्या माधुरीवहिनी आमच्या गणपती मंडळातल्या. त्यांची सई हॉस्टेलला. वहिनींचा फोन आला, "सई आली होती ना तुमच्याकडे? काय झालंय तिला?"

म्हटलं, "वहिनी, मुलं मोठी आहेत. ती सांगेल. मला नाही सांगता येणार."

"अहो, पण मी आई आहे तिची."

त्यांचा आवाज ऐकून मलाच भरून आलं. तरी नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये डबा आला, सोबत निरोप: "काही सांगू नका. फक्त हा तिच्याकडून संपवून घ्या."

सईने माझ्यासमोर बसून संपवला. बातमी हॉस्टेलभर पसरली. डब्याची नव्हे, डॉक्टर आईलासुद्धा सांगत नाही याची.

*

त्यानंतर काही दिवसांनी सिस्टर लिसी आत आली. "मॅडम, एक बच्चा है. बोलता है, सिर्फ आपको मिलेगा."

दार उघडलं तर ओंकार. मी ताडकन उठले. "काय रे? काय झालं?"

त्याने दार लावलं, पेशंटच्या खुर्चीत बसला आणि आपलं स्टुडंट कार्ड टेबलावर ठेवलं. "डॉक्टर, यू डोंट टेल पेरेंट्स, राइट?"

मी खाली बसले. कार्ड हातात घेतलं, त्याचं नाव कॉम्प्युटरवर टाइप केलं. म्हटलं, "नाही सांगत. बोल."

तो बोलला. बराच वेळ बोलला, रडलाही. काय बोलला ते तुम्हालाही सांगणार नाही. मी कॉलेजच्या काउन्सेलरसाठी चिठ्ठी दिली, दोन दिवसांनी परत बोलावलं. उठून जवळ घ्यावंसं फार वाटत होतं. नाही घेतलं.

संध्याकाळी मी वरण-भात केला. ओंकार पानावर बसलेला, तेवढ्यात फुजैराहून फोन. "काही बोलला का गं तो?"

ओंकारचा घास हातातच थांबला.

"नाही रे," मी म्हटलं, "माझ्याशी कुठे बोलतो तो."

ओंकारने ताट पुढे केलं. "आई, थोडा भात वाढ ना."